घड्याळाचा हात

आत्याला दिसेनासं होऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती, पण आमच्या घरात ते कुणाच्या फारसं लक्षात राहत नसे. सकाळी सगळ्यांच्या आधी ती उठे, दूध तापवी, बाबांचे बूट पुसून दाराशी लावून ठेवी. माझ्या केसांचा भांग तर इतका सरळ पाडी की शाळेत बाई विचारत, "पट्टी लावून पाडतेस का गं?" काचबिंदूने तिची नजर कडेकडेने आत खात नेली होती. शेवटी उरला तो फक्त उजेड आणि अंधार यांतला फरक.

बावीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. समोर शेकडो भोकांचा फळा, हातात वायरी, आणि कानात सगळं गाव. नजर अधू व्हायला लागली तरी वर्षभर तिथे कुणाला पत्ता लागला नाही, कारण तिच्या बोटांना प्रत्येक भोक पाठ होतं. नोकरी सोडताना तिने घड्याळजीकडून आपल्या मनगटी घड्याळाची काच काढून घेतली. वेळ विचारली की ती काट्यांवरून हळूच बोट फिरवी आणि सांगे, "सव्वाचार. आणि तू अजून अभ्यासाला बसलेली नाहीस."

बाबांना तिनेच वाढवलं होतं. ते सैन्यात भरती झाले तेव्हा साधे शिपाई होते. नंतर बिनतारी यंत्रं दुरुस्त करता करता खांद्यावर फीत चढली, पगार चढला, पोटही थोडं चढलं, पण आत्या त्यांना शेवटपर्यंत "शिपाई" म्हणूनच हाक मारायची. मोठे साहेब घरी आले असतानाही.

सैन्यातली घरं म्हणजे क्वार्टर्स. बदली कुठेही होवो, क्वार्टर एकाच नकाशावर बांधलेली. पुढच्या दारातून आत आलं की दिवाणखाना, तिथून मागे जाणारा बोळ, बोळाच्या डाव्या अंगाला स्वयंपाकघर, उजव्या अंगाला दोन खोल्या, टोकाला मागचं दार आणि त्याबाहेर धुण्याच्या जागेकडे उतरणाऱ्या दोन पायऱ्या. चार बदल्या झाल्या, चार गावं झाली, पण घर तेच. आत्याने ते पावलांनी पाठ केलं होतं. डावं-उजवं असं ती म्हणत नसे. ज्या मनगटावर घड्याळ तो घड्याळाचा हात, दुसरा मोकळा हात. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहिलं की मोकळ्या हाताला सात पावलं दिवाणखाना, घड्याळाच्या हाताला पाच पावलं मागचं दार. असं सगळं घर तिच्या डोक्यात होतं, आणि त्यात ती आमच्यापेक्षा भरभर चालायची. आम्ही निदान खुर्च्यांना तरी अडखळत असू.

मग बेटाची बदली आली. समुद्रापार, नऊ दिवसांचा जहाजाचा प्रवास, मुक्काम तीन वर्षांचा. बायको-मुलांना नेता येत होतं, बहीण मात्र यादीत बसत नव्हती. बाबांनी अर्जावर अर्ज केले. शेवटी कागद आला तो असा, की सहा आठवडे तात्पुरती परवानगी. तेवढ्यात तिथल्या डॉक्टरांनी तपासायचं. क्वार्टरमध्ये कुणाच्याही मदतीशिवाय वावरू शकत असेल तर राहील, नाहीतर पुढच्या जहाजाने परत. जहाज सहा आठवड्यांनी एकदाच यायचं.

परत म्हणजे मधल्या काकांकडे. काका वाईट नव्हते. पण तिथे मागे एकदा ती दोन महिने राहिली होती, आणि त्या दोन महिन्यांत तिने एकच वाक्य ऐकलं होतं, "उठू नकोस, पडशील." घरातलं लहान पोरदेखील तिला तेच सांगायचं. "मला पलंगावरचं गाठोडं करून ठेवलं होतं रे," ती बाबांना म्हणाली होती. "गाठोडं निदान कुणीतरी सोडून तरी बघतं."

"तू काळजीच करू नकोस," बाबा जहाजावर तिला सांगत होते. "मी विचारून घेतलंय. तोच नकाशा आहे. डोळे मिटून चाल."

"मी आणखी काय करते, शिपाई?" आत्या म्हणाली.

बेटावर उतरलो तरी दोन दिवस जमीन हलत होती. आडवं झालं की पलंग हळूच डावीकडे कलायचा, मग उजवीकडे. समुद्र घराच्या अगदी मागे होता. पाण्यावरून उसळलेला उजेड खिडकीतून आत येऊन छतावर थरथरत राहायचा, आणि मी दुपारी उताणी पडून तो बघत बसले की आपण पाण्याच्या खाली आहोत की वर, तेच कळायचं नाही. वारा सकाळी मागच्या दारातून आत यायचा आणि दिवसभर बोळातून पुढच्या दाराने बाहेर जात राहायचा. घरात चार माणसं आणि एक वारा, असं आई म्हणायची.

पहिल्याच दिवशी आत्याने जाहीर केलं, "नव्या घरातला पहिला चहा माझा." आम्ही पेट्या उघडत होतो; त्या पसाऱ्यातून मीच तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. कोणती वस्तू कुठे आहे ते विचारत विचारत तिने चहा केला, ट्रेमध्ये कप मांडले, स्वयंपाकघराच्या दारात आली आणि सवयीने मोकळ्या हाताला वळली. समोरून वारा आला. तिला वाटलं, पुढचं दार उघडं आहे. सात पावलं टाकायची म्हणून ती खुशाल निघाली. पाचव्या पावलाला घर संपलं.

कप फुटले, गुडघा सोलला, आणि दोन पायऱ्यांखाली धुण्याच्या दगडाशी बसलेली आत्या वर तोंड करून म्हणाली, "शिपाई, दिवाणखाना कुठे नेऊन ठेवलास?"

तेव्हा कुठे बाबांच्या डोक्यात प्रकाश पडला. नकाशा तोच होता, पण इथे सिमेंट जहाजाने आणावं लागतं, म्हणून एक भिंत वाचवायला दोन-दोन घरं खांद्याला खांदा लावावा तशी जोडून बांधलेली. त्यातलं एक सरळ, दुसरं त्याचं आरशातलं रूप. आम्हाला मिळालं ते दुसरं. स्वयंपाकघर उजवीकडे, खोल्या डावीकडे. सरळ अर्ध्यात बाबांच्याच खात्याच्या बॅटऱ्या रचल्या होत्या, आणि माणसांसाठी बॅटऱ्या हलवायची पद्धत सैन्यात नाही.

"नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात," आत्या गुडघ्यावर हळद लावून घेत म्हणाली. "इथे खरंच अंगण वाकडं निघालं."

ती हसली, पण त्या दिवसापासून तिचा आवाज बारीक झाला. भिंतीला हात लावून ती चालू लागली, एकेक पाऊल चाचपत. आंधळ्या माणसासारखी. आम्ही तिला असं कधी पाहिलंच नव्हतं.

खरं तर आम्हा सगळ्यांचंच तेच झालं होतं. बाबा अर्धवट झोपेत दाढीचं सामान घेऊन स्वयंपाकघरात जायचे. मी दिव्याचं बटण नसलेल्या भिंतीवर चापट्या मारायची. आई रोज नव्याने चुकून आमच्या खोलीत डाळ निवडायला यायची. स्वप्नात चालावं तसं सगळं ओळखीचं आणि सगळं उलट. फरक इतकाच, की आम्ही चुकलो तरी हसून वळत होतो, आणि आत्याला सहा आठवड्यांत उत्तर द्यायचं होतं.

बाबांनी आपल्या परीने उपाय केले. बोळात दोरी बांधली, ती आईच्याच गळ्याशी आली. भिंतीवर खिळे ठोकून खुणा केल्या, त्यांत माझी ओढणी फाटली. मग ते आत्याला धरून शिकवायला लागले. "हे बघ ताई, आता डावीकडे म्हणजे उजवीकडे..."

"शिपाई, तू यंत्रं दुरुस्त कर."

तीन आठवडे असे गेले. एका सकाळी आत्या आईला म्हणाली, "वहिनीबाई, माझी पेटी मोकळी करू नकोस. पुन्हा भरायचा त्रास नको."

नणंद-भावजयीचं आमच्याकडे विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं असं नाही, पण दोघींचं बोलणं नेहमी टोचून असायचं. एक टाचणी, दुसरी सुई. त्या दिवशी मात्र आईने आपल्या पेटीतला मोठा आरसा काढून दिवाणखान्यात बोळासमोरच्या भिंतीला टेकवला. तो तात्पुरताच टेकवला होता, पण जाता जाता तिची नजर त्यात गेली आणि ती तिथेच थांबली. मीही जाऊन तिच्या शेजारी उभी राहिले. आरशात आमचं जुनं घर होतं. तेच डावीकडचं स्वयंपाकघर, त्याच उजवीकडच्या खोल्या. आम्ही दोघी त्यात उभ्या होतो, जणू कधी निघालोच नव्हतो. आईने आपला उजवा हात वर केला. आरशातल्या बाईने डावा केला.

"चिमणे," आई हळूच म्हणाली, "हिचं घर पाठ आहे. हातच तेवढे चुकीचे आहेत."

दुपारी आत्या खाटेवर पडली होती. तिचा डोळा लागला की ओठ हलायचे, हे आम्हाला ठाऊक होतं. बहुतेक एक्स्चेंजचे नंबर असायचे. आज ती घरात चालत होती. "...घड्याळाच्या हाताला पाच... मग दार..." आणि तिचा डावा हात पांघरुणावर किंचित उचलला जात होता.

ती जागी झाल्यावर आई तिच्यापुढे जाऊन बसली. "वन्सं, घड्याळाचा हात इकडे करा."

"का? वेळ हवी तर तोंडाने विचार."

"करा म्हणते ना."

आईने तिच्या डाव्या मनगटावरून घड्याळ सोडवलं आणि उजव्यावर बांधलं. "आता हा घड्याळाचा हात. बाकी तुमचं काही बदलायचं नाही. पावलं तीच."

आत्या कितीतरी वेळ त्या मनगटाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "कुणी पाहिलं तर म्हणेल, म्हातारीला घड्याळ कुठे बांधतात तेही कळत नाही."

"पाहणारे काय, पाहतच असतात. उठा."

ती उठली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. ओठ हलले. मोकळ्या हाताला वळली, आणि सात पावलं चालून दिवाणखान्यात आली. मधे भिंतीला हात लावला नाही. टेबलापाशी थांबून तिने त्याची कड दोन्ही हातांनी धरली, जशी जहाजावर कठड्याची धरली होती.

"वहिनीबाई," ती म्हणाली, "डोकं आहे की तुला."

"तुमच्या भावाशी लग्न केलं म्हणून लोकांना संशय येतो, एवढंच."

पुढचे दिवस दोघींनी तालीम धरली. आठवड्याभरात आत्या पुन्हा बूट पुसायला लागली. अडचण राहिली ती शेगडीची. घर उलटलं होतं, पण शेगडी आमचीच, जुनी, सरळ. घड्याळाच्या हाताला मोठा जाळ, हे तिचं पाठांतर आता खोटं पडे. दूध मंद ठेवायला गेली की भसकन उतू जाई. आईने शेगडीच फिरवून ठेवायची म्हटलं, तर बटणं भिंतीकडे गेली असती. शेवटी आत्यानेच तोड काढली. शेगडीपुढे आलं की घड्याळ काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचं. घड्याळ नाही म्हणजे हात जुने. काम झालं की पुन्हा उजव्या मनगटावर बांधायचं आणि उलट्या घरात परत यायचं. ती इतक्या सहज हे करू लागली, जसं कुणी चपला काढून आत जावं आणि घालून बाहेर यावं.

जहाज बंदराला लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. उंच, कमी बोलणारे, बूट करकरणारे. त्यांनी आम्हाला बजावलं, "कुणी बोलायचं नाही, कुणी हात लावायचा नाही. खुणेने खोकायचंही नाही." शेवटचं ते बाबांकडे बघून म्हणाले, कारण बाबांनी घसा साफ करायला नुकतीच सुरुवात केली होती.

आत्याने त्यांना सगळं घर दाखवलं. खोल्या, न्हाणीघर, मागचं दार. "इथे दोन पायऱ्या आहेत, जपून," असं उलट त्यांनाच सांगितलं. मग म्हणाली, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," आणि शेगडीपुढे उभी राहून घड्याळ कट्ट्यावर काढून ठेवलं.

चहा झाला. कप भरले. डॉक्टरांनी मधल्या वेळात ते घड्याळ उचलून बघितलं होतं. "याला काच नाही?"

"काच डोळेवाल्यांना लागते," आत्या ट्रे पुसत म्हणाली.

"किती वर्षं वापरताय?"

"एक्स्चेंजला लागले तेव्हापासून. तिथे तर काय, रात्रपाळीला एकदा एका माणसाचा फोन..." ती गोष्ट सांगायला लागली. ती रंगात आली होती, आणि डॉक्टर मन लावून ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी सभ्य माणसासारखं तिचा जवळचा हात धरला आणि घड्याळ बांधून दिलं. डाव्या मनगटावर. सगळं जग बांधतं तसं.

मी आईकडे बघितलं. आईने ओढणीचं टोक दातांत धरलं होतं. बाबांना काहीच कळलं नव्हतं. ते सगळं छान चाललंय म्हणून हसत होते.

आत्याच्या लक्षात आलं नाही. ते मनगट त्या घड्याळाला आयुष्यभर ओळखत होतं. त्याने तक्रार कशाला करावी? गोष्ट संपवत तिने ट्रे उचलला, दारात आली आणि मोकळ्या हाताला वळली. मागच्या दाराकडे. ते उघडंच होतं, आणि त्यातून सगळा समुद्र पांढरा दिसत होता.

एक पाऊल. दोन. मला ओरडायचं होतं, पण ओरडले तर तीच मदत ठरणार होती. तीन. डॉक्टर तिच्या मागोमाग चालत होते, आणि त्यांचे बूटही करकरायचे थांबले.

चौथं पाऊल उचललं आणि ती थांबली. वाऱ्याने चहाची वाफ तिच्या तोंडावर फेकली होती. तिने मान किंचित तिरकी केली. इतक्या दिवसांत ती दिवाणखान्यात चहा घेऊन जायची तेव्हा वारा तिच्या पाठीशी असायचा; वाफ पुढे पुढे जायची, आणि चहाच्या आधी चहाचा वास आमच्यापर्यंत पोचायचा. हे तिने कधी पाठ केलं नव्हतं. आम्हीही तिला सांगितलं नव्हतं.

"डॉक्टरसाहेब," ती न वळता म्हणाली, "घड्याळ कुठल्या हाताला बांधलंत?"

"डाव्या. का?"

"काही नाही. असू दे."

ट्रे दोन्ही हातांत होता, त्यामुळे घड्याळ बदलता येत नव्हतं. ती जागच्या जागी मागे फिरली, वाऱ्याकडे पाठ केली आणि चालू लागली. ओठ हलत नव्हते. ती मोजत नव्हती. बोळ संपला तिथे पायाने चटईची कड चाचपली, टेबलापर्यंत गेली आणि ट्रे ठेवला. एक थेंब बशीत सांडला होता.

डॉक्टर खुर्चीत बसले. त्यांनी कागद मांडीवर घेतला, पण लिहायला सुरुवात केली नाही. "तुम्ही चुकलात, बाई," ते म्हणाले. "आणखी दोन पावलं गेला असतात तर पडला असतात."

बाबांचं हसू तेव्हा कुठे विझलं.

"चुकले," आत्या म्हणाली. "पण कुणी सांगितलं का मला?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आईने ओढणी दातांतून सोडली होती.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणी सांगितलं नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. मग आणखी एक. "मी रोज चुकतो. मला बायकोने सांगितल्याशिवाय कळत नाही." आणि त्यांनी रकान्यात लिहिलं. आत्या पेनाचा आवाज कान देऊन ऐकत राहिली. तो थांबल्यावर विचारलं, "काय लिहिलंत?"

"मदतीशिवाय वावरू शकतात."

"'चहा बरा होता' असंही लिहा खाली."

"त्याला रकाना नाही."

डॉक्टर गेल्यावर बाबा तिच्याजवळ येऊन उभे राहिले. त्यांना काहीतरी मोठं बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "ताई, अजून चहा आहे का?"

"शेगडीवर आहे. जा, डावीकडे म्हणजे उजवीकडे."

जहाज दुसऱ्या दिवशी दुपारी सुटलं. भोंगा वाजला तेव्हा आई मागे कपडे वाळत घालत होती आणि मी पायरीवर बसले होते. आत्या मागच्या दारात येऊन उभी राहिली. भोंगा लांबत लांबत पाण्यावर विरून गेला, तोवर ती हलली नाही. मग म्हणाली, "आतलं झालं. बाहेर काय आहे गं?"

"दोन पायऱ्या," आई चिमटा लावत म्हणाली. "धुण्याचा दगड. दोरी, तिच्याखाली मी. मग थोडं गवत, मग वाळू, मग पाणी."

"किती पावलं?"

"मोजली नाहीत हो, वन्सं."

"मग दीड महिना करत काय होतीस?"

ती पायऱ्या उतरली. धुण्याच्या दगडाला वळसा घातला, आईच्या ओल्या चादरीखालून वाकून पलीकडे गेली. मी उठणार होते, आईने मानेनेच नको म्हटलं. तिच्या हातात बाबांचा शर्ट तसाच होता, त्यातून तिच्या पायावर पाणी ठिबकत होतं. आत्याचा आकडा वाऱ्याबरोबर आमच्याकडे येत होता. सत्तावीस, अठ्ठावीस. मधेच ती झुडपाला धडकली, त्याला काहीतरी म्हणाली आणि बाजूने गेली. एकेचाळिसाला थांबली.

"वहिनीबाई, इथे जमीन मऊ झाली," तिने ओरडून सांगितलं. "पाऊल खोल जातंय. इथली मोजणी वेगळी."

मग तिने चपला काढून हातात घेतल्या आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.